डाव्या कडेची बाई

पेर्म, २० ऑक्टोबर १९९१

प्रिय ताया,

कारखान्याचं साप्ताहिक बंद झालं. बातमी म्हणून सांगतोय, गाऱ्हाणं म्हणून नाही. एकोणीस वर्षं मी तिथे मानफलकासाठी उत्कृष्ट कामगारांचे फोटो काढले. टेबलाच्या खणात एक निळा टाय असायचा. जो येईल त्याच्या गळ्यात मी तोच बांधायचो. शेवटच्या दिवशी संपादक म्हणाले, "झिर्यानोव्ह, तुझं इथे काही राहिलंय का?" म्हटलं, "टाय." म्हणाले, "घेऊन जा. आता उत्कृष्ट कुणाला म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नाही."

तर आता मी सकाळी कॅमेरा घेऊन निघतो तो अंधार पडल्यावरच परततो. ट्राममध्ये डुलक्या घेणाऱ्या बायका, दूध येणार अशा नुसत्या अफवेवर उभी राहिलेली रांग, अंगणात गालिचे झोडपणारे पेन्शनर. यातलं एकही चित्र इतकी वर्षं कुणी छापलं नसतं. चाळिशी उलटल्यावर माझं काम आत्ता कुठे सुरू होतंय, हसू नकोस.

गेल्या महिन्यात हॅम्बुर्गहून बिर्गिट नावाच्या बाई आल्या होत्या. इथल्या रोजच्या जगण्यावर त्यांना प्रदर्शन आणि पुस्तक करायचंय. स्वयंपाकघराच्या टेबलावर माझे प्रिंट पसरून दोन तास बसल्या. आईने चहा तीनदा गरम केला. जाताना म्हणाल्या, वसंतात परत येते, तोवर थांबू नका.

दुकानांतून रोल आणि फोटोचा कागद गायब झालाय, पण माझं अडत नाही. आईचा जुना विद्यार्थी कोस्त्या बूरदिन तसल्या सामानाच्या गोदामावर आहे. आईने त्याला कधीकाळी भूगोलात ढकलून पास केलं होतं, ते उपकार तो आता फेडतोय.

आई ठणठणीत आहे. मी न्हाणीघरात फोटो धुतो म्हणून बडबडते. भिंतीवरचा सोव्हिएत देशाचा नकाशा काढू देत नाही. "आधी त्यांचं काय ते ठरू दे, मग एकदाच बदलू," म्हणते. लाटव्हिया वेगळा झाला आणि तुझं रीगा परदेशात गेलं हे तिला मान्यच नाही. "आगगाडी जाते ना तिथे? मग कसला परदेश!"

तुझा
सेन्या


रीगा, २४ नोव्हेंबर १९९१

सेन्या,

तुझं पत्र पोचायला महिना लागला. आगगाडी जाते, पत्र बहुधा चालत येतं.

साप्ताहिक बुडालं याचं तुला दुःख नाही हे वाचून मला बरं वाटावं की काळजी, ते ठरत नाहीये. एक मात्र थोरली बहीण म्हणून सांगते. लोकांचे चेहरे म्हणजे कुंपणाबाहेर लोंबणारी सफरचंदं नव्हेत, की गेला-आला त्याने तोडून खिशात टाकावी. आजी अंगणात केस विंचरत बसली असताना तू तिचा फोटो काढलास आणि भिंतीवर लावलास, आठवतं? चौदा वर्षांचा होतास. तिने आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता. "मला सांगितलं असतंस तर मी रुमाल बांधला असता," एवढंच ती पुढे म्हणाली. तू त्यावर खो खो हसला होतास.

वाचनालयात आता आम्हा सगळ्यांना लाटव्हियन भाषेची परीक्षा द्यायची आहे. मी रात्री क्रियापदं घोकते आणि आमची इल्झे माझे उच्चार ऐकून उशीत तोंड खुपसते. दहा वर्षांच्या लेकीसमोर परीक्षा देण्यासारखा अपमान नाही. आंद्रिस कामात असतो. बरा आहे.

ऑक्टोबरच्या पार्सलमधले बूट आईला बसले का? आतून खरी लोकर आहे. तसे आता इथेही मिळत नाहीत. तिने पत्रात दोन ओळी हवामानावर लिहिल्या, बुटांवर एक शब्द नाही.

ताया


पेर्म, ९ फेब्रुवारी १९९२

ताया,

असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. जानेवारीत सरकारने किमती मोकळ्या सोडल्या आणि महिनाअखेरीला जाहीर केलं, कुणीही, कुठेही, काहीही विकावं. दुसऱ्याच दिवशी मध्यवर्ती बाजारापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत माणसांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. मध्ये चालायला वाट. प्रत्येकाच्या हातात एक वस्तू: फरची टोपी, नळाच्या चाव्या, लहान मुलाचा कोट, काचेचा हंस. ओरडत कुणीच नाही. पंचवीस अंशांची थंडी, तोंडातून निघणारी वाफ, आणि त्या वाफेमागे बघवत नाहीत असे चेहरे.

कॅमेरा डोळ्याला लावला की लोक मान फिरवतात. म्हणून मी तो छातीशी टांगून, हातमोज्यातूनच कळ दाबत चालतो. कुणाला पत्ता लागत नाही. ताया, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. बिर्गिटबाईंना विमानाने जाणाऱ्या एकाच्या हाती थोडे प्रिंट पाठवले, त्यांनी तारेने कळवलं, मुखपृष्ठ याच मालिकेतून निवडणार.

आई दुपारची वाचनालयात जाऊन बसते, तिथे हीटर चांगला आहे. तुझे बूट चावतात म्हणते, जुने नमद्याचे जाड बूटच घालते. वाईट वाटून घेऊ नकोस.

सेन्या


पेर्म, २३ फेब्रुवारी १९९२

ताया, तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितोय.

काल न्हाणीघरात सहा फेब्रुवारीचा रोल छापायला घेतला. एक चौकट अशी होती की निगेटिव्हवरच कळलं, हीच. मध्ये चहाचा पितळी समोवार कवटाळून उभी असलेली बाई. तिच्या शेजारी अकॉर्डियन गळ्यात अडकवलेला म्हातारा, डावीकडे वळून काहीतरी सांगतोय. आणि अगदी डाव्या कडेला तो जिच्याशी बोलतोय ती बाई, शालीत तोंड लपेटलेलं, हातात बुटांचा जोड.

कागद औषधात होता. आधी बूट उमटले. माझ्या मनात आलं, तायाने पाठवले तसेच आहेत. मग ती उभी राहण्याची पद्धत दिसली. बूट एका हातात, सरळ पुढे धरलेले, फळ्यासमोर छडी धरावी तसे.

मी दिवा लावला नाही. बाहेरून आईने दार ठोठावलं, "आणखी किती वेळ? मला कपडे भिजवायचेत." मी म्हटलं, "दहा मिनिटं."

तिला मी काही बोललेलो नाही. तीही नाही. आज दुपारी ती "वाचनालयात जाते" म्हणाली आणि मी मान हलवली. खायला घरात पुरेसं आहे, मग ती तिथे कशासाठी उभी राहते? आणि दुसरी गोष्ट, जी तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. मी आजवर काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो आहे. बिर्गिटबाई एप्रिलमध्ये येतायत. मी काय करू?

सेन्या


रीगा, २० मार्च १९९२

सेन्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. दुसरं आधी उघडलं.

कोस्त्या बूरदिन दोन वर्षांपूर्वीच पेर्म सोडून गेला. गोदाम नाही, उपकार नाही, काही नाही. आईने मला सप्टेंबरातच लिहिलं होतं: "सेन्याचं साप्ताहिक बुडणार. रोल मिळाले नाहीत तर तो कॅमेरा खाली ठेवेल. मी बघते काय ते. तू बोलू नकोस." बाजारात एक माणूस चोरून रोल विकतो, त्याच्याकडून ती घेते. तू त्या ओळीचे फोटो ज्या रोलवर काढलेस, तसले रोल आणायलाच ती त्या ओळीत उभी होती.

विकते काय, कुठे, हे मी विचारलं नाही. तिने लिहिलं, "बघते", मी लिहिलं, "बरं, आई." का विचारलं नाही तेही सांगते. आंद्रिस ऑक्टोबरात घर सोडून गेला. त्याच्या आईकडे राहतो. भांडण नाही, तंटा नाही. म्हणाला, माझ्या घरात मला माझी भाषा बोलायचीय. लग्नानंतर बारा वर्षं तो माझ्याशी माझ्या रशियन भाषेत बोलला, त्याचं ओझं त्याला होत होतं हे मला कळलंच नाही. परीक्षेत मी एकदा नापास झाले आहे. ज्याच्या घराला आग लागलीय तो दुसऱ्याच्या चुलीत डोकावत नाही. हे आईला सांगू नकोस.

तो फोटो देऊ नकोस. किंवा दे. मला ठाऊक नाही. तिलाच विचार.

ताया


पेर्म, १२ एप्रिल १९९२

ताया,

आंद्रिसबद्दल काय लिहावं कळत नाही. मी तीनदा सुरुवात करून कागद फाडले. आईला सांगितलेलं नाही.

तिला विचारलं. प्रिंट टेबलावर ठेवला. ती बटाटे सोलत होती. हात पुसले, भिंग आणलं, खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिला.

"आग्नियाचा समोवार छान आलाय," म्हणाली. "मकार इल्यिचचं नाक मात्र हललंय."

"आई!"

"काय आई? हललंय तर हललंय म्हणायचं नाही?"

"बूट का विकलेस?"

"चावायचे."

"तू ते एकदाही घातले नव्हतेस."

"काही बुटांचं न घालताच कळतं."

मग मी रोलचं काढलं. तायाने सांगितलं, म्हटलं. ती पुन्हा बटाट्यांपाशी जाऊन बसली. "तायाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, लहानपणापासूनचं आहे," म्हणाली. आणि पुढचा बटाटा उचलत, "एकोणीस वर्षं तू लोकांच्या गळ्यात टाय बांधलेस. पहिल्यांदाच मनासारखं काही करत होतास. रोल नाही म्हणून घरी बसला असतास, तर तुझ्या बापासारखा खिडकीशीच बसला असतास. एक माणूस खिडकीशी बसलेला बघितला मी. पुरे झालं."

"तुला तिथे लाज नाही वाटली?"

"वाटली की. माझे चार विद्यार्थी समोरून गेले. तिघांनी आभाळाकडे बघितलं. चौथा थांबला, बूट हातात घेऊन आत बोट घातलं आणि म्हणाला, 'कापितोलिना येगोरोव्हना, लोकर अस्सल आहे का हो?' मला तोच आवडला. त्यालाच दिले."

मी हसलो, ती नाही हसली. मी विचारलं, "हा फोटो बिर्गिटबाईंना देऊ का?"

"मकार इल्यिचला विचारलंस?"

"नाही."

"आग्नियाला?"

"नाही. विचारलं की माणूस बदलतो, आई. तोंड सावरून उभा राहतो."

"राहू दे की. तोंड त्याचं आहे." मग सुरी खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. वर्गात धडा न करता गेलं की बघायची तसं. "मला का विचारतोयस ते कळतंय मला. मी तुझी आई आहे म्हणून. बाकीचे काय आभाळातून पडले? जा, आधी त्या सगळ्यांना विचारून ये. मग मी माझं सांगते."

बिर्गिटबाई परवा आल्या. त्यांना म्हटलं, मला वेळ हवाय. जूनपर्यंत थांबते म्हणाल्या, चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. ईस्टर झाला की प्रिंट घेऊन बाजारात जाणार आहे. खरं सांगू? जावंसं वाटत नाही.

सेन्या


रीगा, १० मे १९९२

सेन्या,

गेलास का? कोण काय म्हणालं ते सगळं लिही, गाळू नकोस. परीक्षा दुसऱ्यांदा दिली. पास. इल्झेने शेजारणीला सांगितलं, "आई आता पाचवीच्या मुलाएवढं बोलते." उन्हाळ्यात आईला इकडे पाठव. तिला बघून दोन वर्षं झाली.

ताया


पेर्म, २८ जून १९९२

ताया,

गेलो. दोन महिने जातोय.

पहिल्या माणसाने प्रिंट हातात घेतला, चार तुकडे केले आणि जमिनीवर न टाकता खिशात ठेवले. "घरी जाऊन जाळेन," म्हणाला. लहान मुलाचा कोट विकणारी बाई रडायलाच लागली. ती तिथे उभी असते हे तिच्या नवऱ्याला माहीत नाही. तिने निगेटिव्ह मागितलं. मी दुसऱ्या दिवशी नेलं आणि तिच्यासमोर कात्रीने कापलं. चांगला फोटो होता.

मग नळाच्या चाव्या विकणारा माणूस. त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. लेपिखिन, सहा नंबरच्या शेडमधला टर्नर. ऐंशी साली मी त्याला मानफलकावर चढवलं होतं. "तुझा तो निळा टाय मला आवळत होता," म्हणाला. "तेव्हा विचारलं होतंस का, फोटो काढू का म्हणून? संपादकाने बोलावलं, आलो, गळ्यात फास अडकवलास, हस म्हणालास." मी म्हटलं, "आता विचारतोय." त्याने फोटो उजेडात धरला. "घे. पण खाली माझं पूर्ण नाव घाल. बापाच्या नावासकट."

आग्निया पाव्हलोव्हनाने समोवार खाली ठेवला, चष्मा लावला आणि म्हणाली, "अगंबाई, मी अशी दिसते? थांब, केस करून येते, पुन्हा काढ." खूप हसलो दोघं. मग हो म्हणाली.

राहिला अकॉर्डियनवाला, मकार इल्यिच. त्याची जागा रिकामी होती. आग्निया म्हणाली, रोज यायचा, पण किंमत मुद्दाम अशी सांगायचा की कुणी घेऊच नये. घरी बोलायला कुणी नाही म्हणून यायचा. आता लेकीकडे गेलाय, सोलिकाम्स्कला. पत्ता विचारला तर तिला ठाऊक नाही. मी बसने सोलिकाम्स्कला गेलो. दोन दिवस विचारत हिंडलो, अकॉर्डियन घेऊन आलेला म्हातारा पाहिलात का? कुणी पाहिला नव्हता.

परत आल्यावर आईला म्हटलं, "मकार इल्यिच सापडला नाही. बाकी सगळ्यांना विचारून झालं. आता तू सांग."

"नाही," ती म्हणाली.

एवढंच. कारण नाही, काही नाही. मी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "एकदा सांगितलं ना?" म्हणाली आणि रेडिओ मोठा केला.

बिर्गिटबाई म्हणाल्या, ती बाई तर कडेलाच आहे, तेवढी कापून टाका. मी करून पाहिलं. पुठ्ठ्याची पट्टी ठेवून आईला झाकलं. ताया, मग तो म्हातारा कुणाशीच बोलत नसतो. हवेकडे बघून बोलणारं वेडं माणूस होतं त्याचं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरे अकरा फोटो घेतले, नावांसकट. मुखपृष्ठावर कुणा दुसऱ्याचं काम जाईल.

मी आईवर रागावलोय. तुला खोटं कशाला लिहू? घरात फक्त मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतो. सध्या पासपोर्टचे फोटो काढतो. सगळ्यांना कुठे ना कुठे जायचंय. लोक स्वतःहून येतात, समोर बसतात, हनुवटी वर करतात. पोट भरतं.

तिला ऑगस्टमध्ये गाडीत बसवतो. आंद्रिसचं तूच सांग.

सेन्या


रीगा, ६ सप्टेंबर १९९२

सेन्या,

आई पोचली त्याला तीन आठवडे झाले. सीमेवर तिची पिशवी उपसली म्हणून अजून धुसफुसते आहे, पण परदेश मात्र मान्य केला. पहिल्या संध्याकाळी जेवताना तिने चार ताटं मांडली, मग माझ्याकडे बघून एक उचललं. मी काही सांगण्याआधीच. "कधीपासून?" म्हणाली. "ऑक्टोबर." "आणि मला बूट पाठवत होतीस!" बाकी काही नाही. रात्री इल्झे झोपल्यावर माझ्या पलंगावर येऊन बसली आणि माझे केस विंचरत राहिली. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, सेन्या. मला किती रडू आलं ते लिहीत नाही.

काल तिने मला आणखी एक सांगितलं. ते तुला कळवायचं की नाही यावर मी रात्रभर विचार केला. तिने कळवू नकोस म्हटलेलं नाही, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला माहीत आहे. म्हणजे तिला हेच हवं असावं.

मकार इल्यिच ईस्टरच्या आठवड्यात वारला. खोलीत एकटाच होता, शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. लेकबिक काही नव्हती. पुरायला आई आणि आग्निया पाव्हलोव्हना दोघीच गेल्या होत्या. लेकीकडे गेला म्हणून सांग, असं आग्नियाला आईनेच बजावलं होतं.

मी ओरडलेच. "आई, सेन्या सोलिकाम्स्कपर्यंत जाऊन आला!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "डबा मीच करून दिला होता."

"पण का?"

ती इल्झेच्या फ्रॉकला बटण लावत होती. दोरा तोडला. मग म्हणाली, "तो म्हणाला असता, मेलेल्याला काय विचारायचं? चला, एक कमी झाला. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, ताया. म्हणेलच असं नाही. पण म्हणेल अशी भीती वाटली. स्वतःच्या मुलाची भीती वाटली मला. तो बसने गेला, तेव्हा जरा बरं वाटलं."

"आणि तू नाही का म्हणालीस?"

"ते 'नाही' माझ्या एकटीचं नव्हतं. मकार इल्यिचला आता विचारता येणार नव्हतं. आम्ही शेजारी उभे होतो, मी दोघांचं मिळून सांगितलं."

तिचं एक काम आहे तुझ्याकडे. मकार इल्यिचच्या थडग्यावरच्या क्रॉसवर नुसता नंबर आहे. त्याचा दुसरा फोटो कुणाकडे नाही, आईने त्याच्या खोलीत शोधला. त्या निगेटिव्हमधून त्याचा एकट्याचा चेहरा मोठा करून दे, क्रॉसवर लावायला. मी म्हटलं, "आता कसं चालतं?" म्हणाली, "क्रॉसवर लावायला कुणाला विचारावं लागत नाही. तिथे तो स्वतःच आहे."

ती तीन ऑक्टोबरला, शनिवारी निघतेय, मंगळवारी सकाळी तिकडे पोचेल. स्टेशनवर जा. राग घरी ठेवून जा.

आणि मला हे लिहून टाकायचं आहे. तो मेलाय हे एप्रिलमध्येच कळलं असतं, तर तू तसं म्हणाला असतास का?

मला उत्तर लिहू नकोस.

ताया